दात न घासता या

"उद्या सकाळी दात न घासता या," हे मी कार्ल्याच्या बायकांना सांगितलं तेव्हा त्या आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "आन् मशेरी?"

"मशेरीपण नाही."

"मंग बोलायचं कसं?"

त्यावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. तोंड न धुता पाहुण्यासमोर बसायचं, ही कल्पनाच त्यांना लाजिरवाणी वाटत होती. आणि चहाही प्यायचा नाही म्हटल्यावर दोघीतिघी उठून उभ्याच राहिल्या. माझ्याबरोबर गावातली आशाताई होती. आशा म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. तिला सगळे ताई म्हणत, मीही म्हणायला लागले होते. ती म्हणाली, "बसा गं. मॅडम काडी घालून घेतील, एक मिनिटाचं काम. मंग हितंच चहा टाकते मी, लय दुधाचा." तेवढ्यावर बायका पुन्हा बसल्या.

मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. विषय तोंडातल्या जंतूंचा. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. जिभेवरचे वेगळे, गालाच्या आतल्या बाजूचे वेगळे, दात आणि हिरडी यांच्या फटीतले आणखी वेगळे. त्यांचं आपापसात नीट चाललेलं असतं तोवर आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. ते बिघडलं की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलायला लागतात. आणि काही माणसांच्या बाबतीत तो त्रास तोंडापुरता राहत नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि ज्यांना नाही, अशा दोन्ही गटांतल्या बायकांच्या हिरड्यांत कोणकोणते जंतू आहेत, हे मला बघायचं होतं. त्यासाठी मी सोमाटण्यात एक खोली भाड्याने घेतली होती. पहाटे उठून बेगडेवाडी स्टेशन गाठायचं, लोणावळ्याकडे जाणारी गाडी पकडायची आणि कार्ल्यासाठी मळवलीला उतरायचं. एका हातात थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि बोटाएवढ्या नळ्या. डब्यात मासे आहेत असं समजून एका बाईने एकदा मला भाव विचारला होता.

नमुना घेण्याची रीत सोपी होती. कापसाने दात कोरडा करायचा, कागदाची सुईसारखी बारीक काडी दात आणि हिरडीच्या फटीत ठेवायची, थोडं थांबायचं, आणि ती काडी नळीत टाकून झाकण लावायचं. दुखत नाही. पण तोंड उघडून बसण्यात एक अवघडलेपण असतं. बायका डोळे मिटून घेत. काहीजणी माझं मनगट धरून ठेवत. काम झालं की पदराने तोंड पुसत आणि लगेच बोलायला लागत, जणू तेवढ्या वेळात तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं.

जागा मिळाली होती ती ताईच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची. स्वच्छ फरशी, मोठ्या खिडक्या, मागे चूल. पहिले काही दिवस वस्तीतल्याच बायका आल्या. गावातल्या शेतकरी घरांमधल्या बायका "येतो, येतो" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. मी कारण विचारलं नाही, ताईने सांगितलं नाही. मग एका सकाळी त्याच घरांमधल्या एक मावशी आल्या.

मावशींचं भाताचं शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि रस्त्याला लागून एक छोटी टपरी होती. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात भाजलेली कणसं. लेणी बघायला येणाऱ्या बसमधल्या लोकांना त्या इतक्या ठसक्यात हाका मारायच्या की लोक आधी दचकायचे आणि मग कणीस घ्यायचे. ताई आणि त्या कितीतरी वर्षं एकमेकींच्या शेतात भातलावणीला जात होत्या. त्या दारात चपला काढून सरळ आत आल्या, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "घे काय घ्यायचं ते. मशेरी लावली न्हाई मी. डोस्कं लय दुखतंय, बिगीबिगी आटप." दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका यायला लागल्या.

त्यांचे दात मशेरीने काळपट झालेले होते. उजव्या बाजूची खालची दाढ अर्धी तुटलेली, आणि तिच्याभोवतीची हिरडी फुगून लाल झालेली. दाबल्यावर पू आला.

"किती दिवसांचं आहे हे?"

"दोन पावसाळं झालं. काडून टाक की तूच."

"मी दाताची डॉक्टर नाही, मावशी. मी फक्त जंतू बघते."

"बघून काय करती?"

मी लोणावळ्याच्या दवाखान्यात दाखवण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती घडी घालून चंचीत ठेवली. मग मी माझ्या फॉर्मवरचे प्रश्न विचारले. साखरेचा आजार? न्हाई. पूर्वी काही मोठं दुखणं? त्या जरा विचार करून म्हणाल्या, "ल्हानपणी सांदे सुजायचे. आज ह्यो गुडगा, उद्या त्यो. शाळा त्यातच सुटली." मी रकान्यात लिहिलं, 'सांधेदुखी, लहानपणी', आणि पुढच्या बाईला बोलावलं.

प्रयोगशाळेत त्यांची नळी उघडली तेव्हा मला आनंद झाला होता. हे सांगायला लाज वाटते, पण तसं झालं होतं खरं. त्या एका काडीवर इतक्या प्रकारचे जंतू होते की आमच्या सरांना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. "चांगला नमुना आहे," ते म्हणाले. मीही तेच म्हणाले. त्यातले काही जंतू वाढवून आम्ही खूप खालच्या तापमानाच्या फ्रीजमध्ये जपून ठेवले.

पावसात काम थांबलं. भातं पिकायला लागल्यावर दुसऱ्या फेरीसाठी मी पुन्हा कार्ल्याला गेले. पहिल्या दिवशी मावशी आल्या नाहीत. टपरीही बंद होती. ताई म्हणाली, "त्यांना महिना झाला, ताप येतोय. गोळ्या घेतल्या की जातो, बंद केल्या की पुन्हा येतो. आता पंधरा दिवस झाले, गोळ्याच टाकून दिल्यात त्यांनी. पित्त होतं म्हणाल्या."

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि मावशी ओसरीवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला बघून हसल्या. "आलीस? तुजी काडी घाल बाई, पण आज मशेरी लावलीय मी."

मी त्यांचा हात हातात घेतला, आणि नखांकडे लक्ष गेलं. तीन-चार नखांखाली बारीक, गडद लाल रेघा होत्या. लाकडाची कुसं घुसावीत तशा.

"हे काय झालंय?"

"कुसळ गेलं आसंल."

"पण तुम्ही शेतात गेला होतात का?"

"न्हाई गं. म्हयना झाला, उंबऱ्याभायेर न्हाई."

तशा रेघा मी पुस्तकातल्या एका फोटोत बघितल्या होत्या. त्या फोटोखाली काय लिहिलं होतं ते आठवायला मला काही क्षण लागले, आणि आठवल्यावर मी त्यांचा दुसरा हातही बघितला. लहानपणी सांधे सुजण्याच्या ज्या आजाराबद्दल मावशी बोलल्या होत्या, तो कधीकधी हृदयाच्या झडपेला ओरखडा पाडून जातो. माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही. मग कधीतरी तोंडातले जंतू सडक्या दाढेतून रक्तात उतरतात. एरवी रक्त त्यांना लगेच संपवतं. पण झडप खराब असेल तर तिथे ते चिकटतात आणि वाढत राहतात. बारीक ताप, वजन उतरणं, नखांखाली रेघा.

मी डॉक्टर नव्हते. अंगणात जाऊन सरांना फोन लावला. ते मुळात वैद्यकीय शिक्षण घेतलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजच मोठ्या हॉस्पिटलला घेऊन जा. आणि रक्त घेईपर्यंत एकही गोळी देऊ नका, नाहीतर जंतू सापडणार नाही."

मी ओसरीवर परत येऊन मावशींना समजावायला लागले. हृदयाला झडपा असतात, त्या दारासारख्या उघडतात आणि मिटतात, वगैरे. हाताने करूनही दाखवलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या.

"भात कापायला आलंय," त्या म्हणाल्या. "थोरला कंपनीत जातोय, त्येला सुट्टी न्हाई. कापणी झाल्यावर बगू."

"मावशी, तोवर उशीर होईल."

"मला काय बी व्हत न्हाई. तुमा शिकलेल्यांना उगाच भ्या वाटतं."

मी पुन्हा झडपांवर आले. शेवटी ताई म्हणाली, "मॅडम, तुम्ही फाट्यावर जाऊन रिक्षा घेऊन या. मी बसते यांच्यापाशी." मी गेले. रिक्षा मिळायला अर्धा तास गेला. परत आले तर मावशी तयार होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, कपाळावर ताजं कुंकू, हातात कपड्यांची पिशवी. मला वाटलं, माझं बोलणं अखेर पटलं. रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होते.

तळेगावच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदय बघितलं. पडद्यावर झडप उघडझाप करत होती आणि तिच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं, वाऱ्यावर चिंधी हलावी तसं. हाताच्या वेगवेगळ्या शिरांतून तीनदा रक्त घेतलं आणि ते बाटल्यांमध्ये उबवत ठेवलं. मावशींनी एवढंच विचारलं, "येवडं रगात कशाला? भजी करताय का?"

तिसऱ्या दिवशी बाटलीत जंतू वाढल्याचं कळलं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. जांभळ्या मण्यांच्या लांबलचक माळा. हा जंतू मी रोज बघत असे. कार्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक नळीत तो सापडला होता. माझ्या तोंडातही तो होता. अभ्यासाची सुरुवात करताना सरावासाठी पहिली काडी मी माझ्याच हिरडीत घातली होती.

मी वॉर्डात जाऊन मावशींना सांगितलं.

"म्हंजी बाहेरनं आलेला न्हाई त्यो?"

"नाही. तुमच्याच तोंडातला. सगळ्यांच्या तोंडात असतो. माझ्यापण आहे."

"मंग तुला का न्हाई ताप आला?"

"माझी झडप चांगली आहे. आणि माझी दाढ सडकी नाही."

मावशी जिभेने ती दाढ चाचपून म्हणाल्या, "म्हंजी तवाच काडायला पायजे व्हती."

"हो."

"तू चिट्टी दिलतीस."

त्यांनी मला तिथेच मोकळं करायचा प्रयत्न केला होता. पण मी मोकळी झाले नाही. त्या संध्याकाळी सोमाटण्याच्या खोलीत फायली काढून मी त्यांचा फॉर्म शोधला. माझ्या सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. 'उजवी खालची दाढ तुटलेली, पू.' चार ओळी खाली, 'सांधेदुखी, लहानपणी.' दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या, आणि त्यांच्यामध्ये जी रेघ ओढायला हवी होती ती ओढायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी नमुने गोळा करत होते. माणसं समोर बसली होती आणि मी त्यांच्या तोंडात बघत होते.

मावशी महिनाभराहून जास्त हॉस्पिटलात राहिल्या. शिरेतून रोज औषध. ताप पहिल्या आठवड्यातच उतरला. पुढे औषधाच्या पहाऱ्यात ती दाढ आणि आणखी चार दात काढले. कापणी ताईने आणि वस्तीतल्या बायकांनी उरकली. थोरल्याने दोन रविवार मळणीला दिले. मी आठवड्यातून तीनदा जाऊन बसायचे. पहिल्यांदा नमुने न घेता, काहीही न लिहिता त्यांच्याशी बोलत बसले ते त्या वॉर्डातच. त्यांनी मला मावळातल्या भाताच्या जुन्या जाती सांगितल्या, माहेरच्या विहिरीबद्दल सांगितलं, सुजलेल्या गुडघ्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून शाळेत जात असत ते सांगितलं. मशेरी मिळत नाही म्हणून नर्सबाईंशी रोज भांडण होई. एकदा मी गेले तर टूथपेस्टचं झाकण उघडून वास घेत बसल्या होत्या. "गोड लागतंय," तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "सकाळच्या पारी गोड कसं खायचं?"

सरांनी एक सुचवलं. मावशींच्या दाढेतला जंतू आमच्या फ्रीजमध्ये होता आणि रक्तातला हॉस्पिटलात. दोन्ही एकच आहेत का, हे तपासता येईल. मी मावशींची परवानगी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "तपास की. कोन कुटनं आला ते कळू दे." तपासलं. दोघांची जनुकं जुळली. दाढेतलाच तो, झडपेवर जाऊन बसलेला. त्यावर आम्ही एका नियतकालिकासाठी दोन पानांचं टिपण लिहिलं. पुढच्या पावसाळ्यात छापून आल्यावर मी ते घेऊन कार्ल्याला गेले आणि टपरीमागच्या बाकावर बसून मावशींना मराठीत वाचून दाखवलं. बसेस येत-जात होत्या, तरी त्यांनी एकालाही हाक मारली नाही. सगळं ऐकल्यावर विचारलं, "माजं नाव कुटं हाय?"

"नाव घालता येत नाही मावशी. नियम आहे. 'मावळातील एक स्त्री' असं लिहिलंय."

"मावळात लय बायका हायेत," त्या म्हणाल्या आणि उठून कणसं परतायला लागल्या. त्या दिवशी माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत.

काम संपत आलं तेव्हा थंडी पडली होती. शेवटचा डबा घेऊन मी निघाले, ताई मळवलीपर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही ओले हरभरे सोलून खात होतो. मी सहज म्हटलं, "ताई, त्या दिवशी मावशी ऐकत नव्हत्या. पण झडपेचं समजावल्यावर आल्या बघा."

ताई हसली. "झडपेचं काय नव्हतं मॅडम. मी त्यांना म्हटलं, ही पोरगी परक्या गावात एकटी राहून शिकते. तिच्या अभ्यासातली बाई आजारी पडली आणि हिने काहीच केलं नाही असं झालं, तर तिला नापास करतील. पुढची दोन वर्षं वाया. त्यावर मावशी उठल्याच. म्हणाल्या, माज्यापायी पोरीचं शिक्षण नगं सुटायला."

"पण असं काही नव्हतंच."

"ते मला माहीत आहे. त्यांना नव्हतं." ताईने आणखी एक हरभरा सोलला. "त्यांची शाळा सुटलेली ना."

गाडी आली. मी दारात उभी राहून हात केला, पण मला नीट दिसत नव्हतं.

आता मी एका महाविद्यालयात शिकवते. प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली आहेत. मला जे करायला महिने लागले ते माझे विद्यार्थी एका दुपारीत करतात. मी त्यांना एक सवय मात्र लावते. नमुना घेतल्यावर समोरच्या माणसाचा फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा मोठ्याने वाचायचा, आणि त्यात काही खटकलं तर त्या माणसाला तसंच घरी पाठवायचं नाही. मुलं कंटाळतात. मीही त्यांच्या वयात कंटाळले असते.

ताईचे गुडघे धरलेत, तिने आशाचं काम सोडलं. तिची सून आता घरोघर जाते. मावशींच्या झडपेचं पुढे ऑपरेशन झालं, त्याआधी उरलेले दातही काढले. टपरी थोरल्याची बायको बघते, पण हाका अजून मावशीच मारतात. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा नव्या भाताचा घमघमाट सुटला होता. ताईही आली होती. तिघी चुलीपाशी जेवायला बसलो. मावशींनी कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली, कारण जेवताना ती टोचते म्हणे, आणि हिरड्यांनीच भात चावत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती वाळलीस गं. आणखी वाड हिला." थोरल्याच्या बायकोने माझ्या ताटात भाताची दुसरी मूद घातली. मी नको म्हटलं नाही.